ईव्ही बॅटरीच्या निदानासाठी उपकरणं : आधी काय घ्यावं, नंतर काय?

पाना_पकड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

विजेच्या दुचाकी-तीनचाकींच्या दुरुस्तीचं काम करतो. मोटर, कंट्रोलर, वायरिंग व्यवस्थित जमतं. बॅटरीची तक्रार आली की आतापर्यंत पॅक उत्पादकाकडे पाठवायचो. आता वॉरंटी संपलेल्या गाड्या वाढल्या आहेत. "पूर्ण पॅक बदलायचा की यात काही होऊ शकतं?" असं गिऱ्हाईक विचारतं आणि त्याला मोजून उत्तर द्यावं अशी माझी इच्छा आहे. पुढे चारचाकीही घ्यायच्या आहेत.

सध्या साधा मल्टिमीटर, एसी क्लॅम्प मीटर आणि सोल्डरिंगचं सामान आहे. विक्रेते 'बॅटरी हेल्थ टेस्टर' दाखवतात, दोन क्लिपा लावल्या की पडद्यावर टक्केवारी येते. शिवाय आयआर मीटर (सेलचा आतला रोध मोजणारा), इन्सुलेशन टेस्टर, थर्मल कॅमेरा, स्कॅनर, इलेक्ट्रॉनिक लोड (बॅटरीतून ठरवलेला करंट ओढणारं यंत्र)... सगळं एकदम घेणं शक्य नाही. क्रम कसा लावावा?

ओहमकार

चांगला धागा. उपकरणांची यादी जरा बाजूला ठेवा आणि तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारी लिहून काढा. क्षमता घटलीय का, रोध वाढलाय का, सेल एकमेकांपासून विस्कटलेत का, एखादा सेल आतल्या आत रिकामा होतोय का, पॅकमधून चॅसीकडे गळती आहे का, की बॅटरी ठणठणीत असून बीएमएस (सेलांवर देखरेख ठेवणारं सर्किट) किंवा सेन्सर चुकीचं सांगतोय? हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि एकच डबा या सगळ्यांना उत्तर देत नाही.

दोन क्लिपांच्या टेस्टरबद्दल माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नका. त्यातले बरेचसे लेड-ॲसिडसाठी बनवलेले असतात, किंवा नुसतं व्होल्टेज बघून टक्के काढतात. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचं व्होल्टेज ३० ते ७० टक्के चार्जच्या दरम्यान शंभर मिलिव्होल्टसुद्धा हलत नाही. त्यावरून चार्ज किती हेच धड कळत नाही, तर आयुष्य कुठून कळणार? पॅकच्या दोन टोकांना क्लिपा लावून आतल्या चोवीस सेलपैकी कुठला आजारी आहे हे समजणं तर शक्यच नाही.

जुना_वायरमन

उपकरणांआधी हातमोजे. ६० व्होल्ट डीसीच्या वरचं सगळं गाड्यांच्या मानकांत धोकादायक वर्गात येतं. म्हणजे तुमचा ७२ व्होल्टचा तीनचाकी पॅकही त्यात आला, एनएमसीचे (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) वीस सेल सिरीजमध्ये असतील तर पूर्ण चार्जला ८४ व्होल्ट असतात. डीसीची ठिणगी एसीसारखी शून्यातून जात नाही, त्यामुळे एकदा पेटलेला आर्क सहज तुटत नाही. अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवायची आणि पान्यांना इन्सुलेशन हवं. पॅक बंद केला तरी सेल बंद होत नाहीत, हे डोक्यात पक्कं असू द्या.

चारचाकीला हात लावायचा तर क्लास ० चे रबरी मोजे (१००० व्होल्ट एसी, १५०० व्होल्ट डीसीपर्यंत) आणि त्यावर कातडी मोजे. दर वेळी घालण्याआधी मोज्यात हवा कोंडून भोक आहे का ते बघायचं. सर्व्हिस डिस्कनेक्ट (हाय व्होल्टेज तोडणारा प्लग) काढल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, कारण इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. मग व्होल्टेज नाही याची खात्री करायची, तीही तीन पायऱ्यांत : मीटर आधी चालू स्रोतावर तपासायचा, मग गाडीवर, मग पुन्हा चालू स्रोतावर. मधल्या वेळात मीटरच मेला असेल तर त्याचं शून्य जिवावर बेतेल.

मीटर कॅट तीन (सुरक्षेचा दर्जा) १००० व्होल्टचा घ्या आणि प्रोबही त्याच दर्जाचे. मीटर भारी आणि वायरी हलक्या, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

विद्युल्लता

काकांशी पूर्ण सहमत. मल्टिमीटरबद्दल थोडं आणखी, कारण सगळ्यात जास्त वापर त्याचाच होणार आहे.

काऊंट बघा, म्हणजे मीटर एका रेंजमध्ये किती पायऱ्या दाखवू शकतो ते. ४००० काऊंटचा मीटर ४ व्होल्टच्या रेंजमध्ये १ मिलिव्होल्ट दाखवतो, पण एनएमसी सेल ४.१५ व्होल्टवर गेला की तो ४० व्होल्टच्या रेंजमध्ये उडी मारतो आणि १० मिलिव्होल्टच्या पायरीने दाखवायला लागतो. म्हणजे नेमका पूर्ण चार्जला, जिथे सेलमधला फरक बघायचा असतो, तिथेच तो आंधळा होतो. ६००० काऊंटचा घ्या, त्याहून जास्त असेल तर उत्तमच.

अचूकतेचा आकडाही वाचा. "०.५ टक्के + २" असं लिहिलं असेल तर ३.३०० व्होल्टवर १६.५ मिलिव्होल्ट आणि वर २ मिलिव्होल्ट, म्हणजे जवळजवळ १९ मिलिव्होल्टची सूट कंपनीने स्वतःला घेतलेली आहे. "०.०५ टक्के + २" असेल तर तीच सूट पावणेचार मिलिव्होल्टच्या आत येते. अर्थात सगळे सेल एकाच मीटरने, एकाच रेंजवर, एकाच बसण्यात मोजले तर मीटरची चूक सगळ्यांना जवळपास सारखीच लागते आणि सेलमधला फरक बराचसा खरा निघतो. बीएमएसचा आकडा आणि मीटरचा आकडा ताडून बघायचा असेल तेव्हा मात्र चांगल्या अचूकतेला पर्याय नाही.

एसी क्लॅम्प इथे उपयोगाचा नाही. डीसी मोजणारा, हॉल सेन्सरवाला क्लॅम्प लागेल, आणि दर मापाआधी तो शून्यावर आणावा लागेल.

सेलमित्र

आयआर मीटर सगळ्यात आधी घ्यावा असं माझं मत आहे. १ किलोहर्ट्झचा, चार तारांचा हातातला मीटर मिळतो, सेलला लावला की दोन सेकंदात आकडा. रोध वाढला की सेल म्हातारा झाला. त्याच्याइतकं झटपट दुसरं काही नाही.

विद्युल्लता

@सेलमित्र, झटपट आहे, पण त्या आकड्यात काय येतं आणि काय येत नाही ते बघायला हवं. १ किलोहर्ट्झला मुख्यतः टॅब, धातूचे पत्रे, वेल्ड आणि इलेक्ट्रोलाइट यांचा ओहमी रोध दिसतो. सेल जुना होताना इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर जो अडथळा वाढतो आणि आयनांना आत शिरायला जो वेळ लागतो, त्याचा बराचसा भाग या वारंवारतेला दिसतच नाही. म्हणून गाडी चढावर बसते, पण आयआर मीटर म्हणतो सेल ठीक आहे.

त्यासाठी डीसी पल्स : ठरावीक करंट दहा सेकंद ओढायचा, व्होल्टेज किती पडलं ते बघायचं आणि करंटने भागायचं. हा आकडा १ किलोहर्ट्झच्या आकड्यापेक्षा जास्तच येतो, म्हणून दोन्हींची तुलना एकमेकांशी कधीच करू नये. सेलच्या डेटाशीटमधला रोध बहुतेक वेळा १ किलोहर्ट्झचा असतो. पल्सचा आकडा त्याच्याशी ताडून "सेल खराब" म्हटलं तर चांगला पॅक भंगारात जाईल.

सेलमित्र

मुद्दा मान्य. तरीही सुटे सेल जुळवताना, म्हणजे जुन्या पॅकमधून काढलेले सेल गटांत लावताना, मी आयआर मीटरच वापरीन. तिथे सेलांची आपसातली तुलना हवी असते.

विद्युल्लता

तिथे शंभर टक्के सहमत. फक्त सगळे सेल एकाच तापमानाला आणि साधारण एकाच चार्जवर हवेत. गार सेलचा रोध चांगलाच वाढतो. सकाळी अर्धे आणि दुपारी अर्धे मोजले तर ती जुळणी तापमानाची होईल, सेलांची नाही.

आणि @पाना_पकड, आयआर मीटर पूर्ण पॅकला लावण्याआधी त्याची कमाल डीसी व्होल्टेज मर्यादा वाचा. हातातल्या बऱ्याच मीटरांची मर्यादा ७२ व्होल्टच्या पॅकपेक्षा कमी असते. मल्टिमीटरची ओहम रेंज तर सेलला कधीच लावायची नाही.

पाना_पकड

खूप माहिती मिळतेय, धन्यवाद. डीसी पल्ससाठी वेगळं यंत्र घ्यावं लागेल का? आणि प्रत्यक्ष निदान कसं होतं याचं एखादं उदाहरण कोणी दिलं तर फार बरं होईल.

ओहमकार

उदाहरण मी देतो. एलएफपी पॅक, २४ सेल सिरीजमध्ये, बोल्टने जोडलेल्या बसबार (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या). तक्रार : थोडा चढ आला की गाडी बंद पडते, दोन मिनिटं थांबलं की चालू होते. बीएमएसचा दोष-संदेश : सेल १३ चं व्होल्टेज कमी.

पॅक तासभर निवांत ठेवून सगळे सेल मोजले. सगळे ३.२९, तेरावाही ३.२९. एवढ्यावर थांबलं तर पॅक निर्दोष. मग ५० अँपिअरचा लोड लावला. बाकीचे सेल ३.२३ वर आले, म्हणजे ६० मिलिव्होल्ट भागिले ५०, रोध १.२ मिलिओहम. तेरावा ३.०२ वर गेला. २७० मिलिव्होल्ट भागिले ५०, म्हणजे ५.४ मिलिओहम. सेल गेला म्हणून बदलायला घेतला असता, पण बीएमएसची सेन्स वायर (सेलचं व्होल्टेज वाचणारी) बसबारवर लावलेली होती, सेलच्या टर्मिनलवर नाही. प्रोबची टोकं थेट तेराव्या सेलच्या दोन टर्मिनलवर टेकवली : लोडमध्ये ३.२३. इतरांसारखाच! मग एक प्रोब टर्मिनलवर, दुसरा त्याच्या बसबारवर. तिथे ०.२१ व्होल्ट. सांध्याचा रोध ४.२ मिलिओहम आणि ५० अँपिअरला साडेदहा वॅट उष्णता, ती सगळी एका बोल्टखाली. सांधा खोलला तर बसबारखाली काळा थर होता. पृष्ठभाग साफ केला, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळला, फरक गेला.

उपकरणं कोणती लागली? मल्टिमीटर, डीसी क्लॅम्प, एक लोड आणि टॉर्क पाना. टॉर्क पाना निदानाच्या यादीत कोणी धरत नाही, मी धरतो.

अशा वेळी चार्जिंगच्या आकड्यांकडेही बघा. डिस्चार्जला खाली आणि चार्जला वर जाणारा, करंट थांबताच इतरांच्या ओळीत येणारा सेल म्हणजे रोधाचा दोष, मग तो सेलमध्ये असो वा सांध्यात. करंट थांबल्यावरही खाली राहणारा सेल मुळात कमी चार्ज असतो. आणि भरताना सगळ्यांच्या आधी वरच्या टोकाला, रिकामं होताना सगळ्यांच्या आधी खालच्या टोकाला पोचणारा सेल म्हणजे क्षमता घटलेला.

पाना_पकड

वा! हे कागदावर छापून भिंतीला लावतो. बसबारवर मोजायचं की टर्मिनलवर, हा विचार कधी केलाच नव्हता.

जुना_वायरमन

@ओहमकार, उत्तम. एक भर : लोड चालू असताना उघड्या पॅकमध्ये प्रोब फिरवताना टोकांवर आवरण असलेले प्रोब घ्या, फक्त दोन-तीन मिलिमीटर धातू उघडा हवा. पूर्ण उघडं टोक घसरून दोन बसबारना एकदम टेकलं की संपलं.

वाटसरू

मी मेकॅनिक नाही, जुनी विजेची कार घ्यायचा विचार करतोय म्हणून वाचतोय. मला ओबीडीचं (गाडीच्या निदान-सॉकेटला लावायचं) छोटं ब्लूटूथ यंत्र आणि ॲप पुरेल का? विक्रेता "एसओएच ९२ टक्के" म्हणतोय, म्हणजे बॅटरीचं आरोग्य तेवढं उरलंय.

ओहमकार

@वाटसरू, खरेदीदारासाठी ओबीडी हेच योग्य, पण आकडा कुठून आला हे विचारा. एसओएच हा बीएमएसचा अंदाज असतो, मोजलेला आकडा नव्हे, आणि प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने काढते. म्हणून एका गाडीचे ९२ आणि दुसऱ्या कंपनीच्या गाडीचे ९२ सारखे धरू नका. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ मध्ये गाडीतल्या बॅटरीसाठी ५ वर्षं किंवा १,००,००० किमीला ८० टक्के आणि ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीला ७० टक्के ऊर्जा उरायला हवी अशी किमान पातळी दिली आहे. गाडीचं वय आणि किलोमीटर यांच्या शेजारी तो आकडा ठेवून बघा.

ॲपमध्ये टक्केवारीपेक्षा सेलांचे सुटे व्होल्टेज बघा. निसान लीफच्या पहिल्या पिढीत सिरीजमध्ये ९६ सेल-जोड्या आहेत आणि लीफस्पाय ॲपमध्ये त्या सगळ्या एकेक खांब म्हणून दिसतात. गाडी उभी असताना एकदा बघा आणि कोणीतरी चालवत असताना, जोरात वेग घेताना पुन्हा बघा. एकच खांब खोल जात असेल तर तो पॅक उघडून तपासल्याशिवाय घेऊ नका.

स्वस्त नकली ईएलएम ३२७ (ओबीडी) यंत्रांत काही आदेश नसतातच. सेलांचं उत्तर अनेक फ्रेममध्ये येतं आणि अशी यंत्रं ते अर्धवट आणतात, मग ॲपमध्ये काही सेल रिकामे दिसतात. तो दोष गाडीचा नसतो.

सेलमित्र

शिवाय चारचाकीत सगळ्यात आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. तीच मुख्य कॉन्टॅक्टर (मोठा पॅक जोडणारे-तोडणारे रिले) ओढते आणि कंट्रोल युनिट जागी ठेवते. ती बसली की गाडी चालू होत नाही, विचित्र दोष-संदेश येतात आणि संशय मोठ्या पॅकवर जातो. लेड-ॲसिडची असेल तर निवांत असताना १२.६ च्या आसपास हवी. १२ च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा, संदेश पुसा, मग पुढचं बघू.

पाना_पकड

इन्सुलेशन टेस्टरबद्दल कोणीच बोललं नाही. पावसाळी हवेत एका गाडीत इन्सुलेशनचा दोष येतो आणि ऊन पडलं की जातो. १००० व्होल्टचा मेगर मिळतोय, चालेल का?

जुना_वायरमन

इथे घाई नको. मेगर ही पॅकच्या प्लस-मायनसमध्ये लावायची वस्तू नाही, कधीच नाही. मापायचं असतं ते हाय व्होल्टेज प्लस ते चॅसी आणि हाय व्होल्टेज मायनस ते चॅसी, तेही कॉन्टॅक्टर उघडे असताना, पॅकची बाजू वेगळी आणि गाडीची बाजू वेगळी. ४०० व्होल्टच्या गाडीला साधारण ५०० व्होल्टची टेस्ट लावतात, १००० ची पायरी ८०० व्होल्टच्या गाड्यांसाठी. तुमच्या ७२ व्होल्टच्या पॅकवर १००० व्होल्ट सोडले तर बीएमएसचे घटक जातील. म्हणून पायऱ्या निवडता येतील असा टेस्टर घ्या, आणि मॅन्युअल "हे मॉड्यूल आधी सोडवा" म्हणत असेल तर सोडवा.

किमान मर्यादा डीसी बाजूला दर व्होल्टला १०० ओहम आणि एसी बाजूला दर व्होल्टला ५०० ओहम. ४०० व्होल्टला डीसीचे ४० किलोओहम झाले. पण ती काठावरची रेषा आहे, धडधाकट पॅक मेगओहममध्ये दाखवतो. आकडा मर्यादेच्या वर आहे पण दर महिन्याला खाली येतोय, तर पाणी किंवा कूलंट कुठून तरी शिरतंय असं समजा.

हवेप्रमाणे येणारा-जाणारा दोष म्हणजे बहुधा कनेक्टर, केबलचं सील किंवा पॅकच्या झाकणाची गॅस्केट. दोष दिसत असताना, गाडी ओली असतानाच एकेक कनेक्टर सोडवत मोजा. वाळल्यावर मोजून काही सापडणार नाही.

विद्युल्लता

ऑसिलोस्कोप घेणार असाल तर हे लक्षात ठेवा : साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते आणि पॅक चॅसीपासून तरंगता असतो. ती क्लिप पॅकला लावली की तुम्हीच एक इन्सुलेशन दोष तयार केला. डिफरन्शियल प्रोबशिवाय (अर्थला न जोडता दोन टोकांतला फरक मोजणारा) हाय व्होल्टेजला स्कोप नको.

थर्मल कॅमेऱ्याबद्दलही : चकचकीत तांब्या-ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार कमी दाखवतो आणि आजूबाजूचं प्रतिबिंब जास्त. बसबारवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा लावा आणि कॅमेरा त्या तुकड्यावर रोखा. टेपशिवाय ओहमकार यांचा तो साडेदहा वॅटचा सांधा कॅमेऱ्याला गारच दिसला असता.

वाटसरू

वाचनखूण साठवली. एक शंका : आगीच्या बातम्या येतात, तो धोका या उपकरणांनी आधी कळतो का?

विद्युल्लता

प्रामाणिक उत्तर : नेहमी नाही. शेव्हरोले बोल्टच्या रिकॉलमध्ये कारण निघालं ते एकाच सेलमध्ये फाटलेला ॲनोड टॅब आणि दुमडलेला सेपरेटर हे दोन्ही दोष एकत्र असणं. असा दोष सेलच्या पोटात असतो. बाहेरून मिळणारी एक खूण म्हणजे स्वतःहून रिकामं होणं. पॅक नीट बॅलन्स करून (सगळे सेल एका पातळीला आणून), भरून, काही आठवडे अलग ठेवा आणि सेल पुन्हा मोजा. जो सेल एकटाच घसरतो तो संशयित. एलएफपीत ही घसरण मधल्या सपाट भागात दिसत नाही, पुन्हा भरताना वरच्या टोकाशी दिसते : तो एक सेल मागे राहतो. फुगलेला, गोडसर-उग्र वास येणारा किंवा करंट नसताना गरम राहणारा सेल असेल तर मोजत बसू नका, पॅक मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर ठेवा आणि उत्पादकाला कळवा.

पाना_पकड

सगळ्यांचे मनापासून आभार. मी असं ठरवतोय : आधी मोजे आणि इन्सुलेटेड पाने, ६००० काऊंटचा कॅट तीन मीटर, डीसी क्लॅम्प, टॉर्क पाना आणि दुचाकी-तीनचाकींच्या बीएमएसशी बोलणारी केबल. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक लोड. मग पायऱ्यांचा इन्सुलेशन टेस्टर. आयआर मीटर आणि कॅमेरा शेवटी. लोड किती क्षमतेचा घेऊ? आणि चारचाकीची क्षमता कशी मोजू?

ओहमकार

क्रम मला पटला. चारचाकीचं काम सुरू करण्याआधी मात्र इन्सुलेशन टेस्टर लोडच्या पुढे आणा.

लोडचा हिशोब सोपा आहे. क्षमता तपासायला साधारण तीन तासांत रिकामं होईल असा करंट धरतात. ७२ व्होल्ट ४० अँपिअर-तासांचा पॅक असेल तर सव्वातेरा अँपिअर, म्हणजे साडेनऊशे वॅट. पॅक पूर्ण भरलेला असताना व्होल्टेज ८४ असतं, तेव्हा अकराशे वॅट लागतात, म्हणून दीड किलोवॅटचा लोड घ्या, कमाल व्होल्टेज १०० च्या वर असलेला. पल्स टेस्टसाठीही तोच चालेल, फक्त करंट बेताचा ठेवावा लागेल. ८० व्होल्टला दीड किलोवॅट म्हणजे जेमतेम अठरा-एकोणीस अँपिअर. १.२ मिलिओहमच्या सेलवर तेवढ्याने वीस-बावीस मिलिव्होल्टच पडतात, म्हणून तिथे विद्युल्लताताईंनी सांगितलेला मीटरच हवा. कुठल्या तरी एका सेलने किमान व्होल्टेज गाठलं की टेस्ट थांबवायची. पॅकची बेरीज बघत राहिलात तर सगळ्यात कमजोर सेल खोलवर रिकामा होऊन कायमचा जाईल.

चारचाकीचा ६० किलोवॅट-तासांचा पॅक त्याच वेगाने रिकामा करायला २० किलोवॅट लागतात. ते गॅरेजमधल्या लोडचं काम नाही, त्यासाठी वीज परत जाळ्यात सोडणारी मोठी यंत्रं असतात. तुम्ही उलट बाजूने मोजा : गाडी दहा टक्क्यांच्या आसपास आणा, रात्रभर हळू चार्ज करा आणि ओबीडीवरून पॅकमध्ये गेलेले डीसी अँपिअर-तास नोंदवा. भिंतीवरच्या मीटरचे युनिट क्षमता म्हणून धरू नका, त्यात चार्जरमध्ये आणि पॅक गार-गरम ठेवण्यात गेलेली वीजही असते. सुरुवातीचं आणि शेवटचं पॅक तापमान त्याच नोंदीत लिहा. पुढच्या वेळी तीच गाडी आली की तापमान जुळत असेल तरच दोन आकडे शेजारी ठेवायचे.

पाना_पकड

म्हणजे नोंदवहीत रकाने असे : सेल क्रमांक, निवांत व्होल्टेज, लोडमधलं व्होल्टेज, चार्जमधलं व्होल्टेज, करंट, तापमान. बरोबर?

ओहमकार

बरोबर. त्यात दोनच रकाने वाढवा : करंट लावल्यापासून किती सेकंदांनी मोजलं, आणि प्रोब टर्मिनलवर होता की बसबारवर.